मुलांना जुनी नाटकं द्यायची तर आधी इतिहास की आधी नाटक?

नेरुळची_मीरा

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (नेरुळ, सेक्टर सांगत नाही, सेक्रेटरी इथे वाचनमात्र असतात) एक रविवार सोडून एक रविवार मुलांचं वाचन चालतं. अकरा ते चौदा वयाची आठ मुलं. सगळी इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी बोलणारी, मराठी पुस्तक मात्र हातात द्यावं लागतं अशी. दोन वर्षं गोष्टी वाचून झाल्या म्हणून यंदा जुनं नाटक घ्यायचं ठरवलं. मी गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' निवडलं. म्हाताऱ्याशी पोरीचं लग्न लावायला निघालेला बाप, एवढं कळायला काही लागत नाही असं वाटलं.

पण मी शहाणपणा केला. पार्श्वभूमी म्हणून तेवीस स्लाइड्स केल्या. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल', मग देवल, मग १८९९ ची 'शारदा'. पाचव्या स्लाइडला बाकरवडीची ताटली रिकामी. नवव्या स्लाइडला एक कार्टं टेबलाखाली. अकराव्याला मीच लॅपटॉप मिटला.

मग सरळ वाचायला घेतलं. भुजंगनाथाच्या वयावरचं 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' चालीवर म्हटलं. पाऊणशे म्हणजे किती, हे आठात एकालाही माहीत नाही! शेवटी एकाने "पाऊण म्हणजे झीरो पॉइंट सेव्हन फाइव्ह, इन्टू हंड्रेड" असा हिशोब मांडला, पंच्याहत्तर आले आणि सगळी खिदळायला लागली. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मग शारदाने १०९८ ला फोन का नाही केला?"

(१०९८ म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन.) म्हटलं, तेव्हा घरोघरी फोन नव्हते गं. "मग पोलिसांत जायचं." यावर मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही मुलांना ही नाटकं कशी दिलीत? इतिहास आधी सांगता, मधे सांगता की सांगतच नाही?

तिसरी_घंटा

पाचव्या स्लाइडपर्यंत बाकरवडी पुरली? फारच सुसंस्कृत मुलं आहेत तुमची.

तलावपाळीवरचा

मीरा, स्लाइड्स वाईट नव्हत्या, फक्त नांदीच्या जागी भरतवाक्य झालं. मुलाला प्रश्न पडायच्या आत उत्तर दिलं की ते उत्तर बाकरवडीपेक्षा हलकंच ठरणार.

माझा अनुभव सांगतो. मुलगा सहावीत असताना त्याला गडकरी रंगायतनला नेलं. पायऱ्या चढताना विचारतो, "बाबा, हे त्या हायवेवाल्या मंत्र्यांनी बांधलं का?" मी म्हटलं, रंगायतन १९७८ चं आहे, आणि हे गडकरी म्हणजे राम गणेश. जन्म १८८५, गेले २३ जानेवारी १९१९ ला. पोराने बोटांवर मोजलं. "तेहतीस? आपला काका तेहतीसचा आहे." हो. आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. तो म्हणाला, "म्हणजे त्यांनी स्वतःचं नाटक बघितलंच नाही?" मध्यंतरात वड्याच्या रांगेतही तेच डोक्यात.

त्या आठवड्यात घरी 'एकच प्याला'तला तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचा प्रवेश वाचला. दारूड्यांची सभा, ठराव, भाषणं. तो लोळून हसला. मग एक दिवस मुद्दाम सिंधू जात्यावर बसते तो प्रवेश काढला. 'चंद्र चवथिचा, रामाच्या ग बागेमधे चाफा नवतीचा'. तो गप्प झाला. जातं काय असतं हे मात्र यूट्यूबवर दाखवावं लागलं, ते कबूल.

वाशीचा_बाप

तुमच्याकडे निदान मंत्री तरी. आमची शाळेची बस रोज विष्णुदास भावे नाट्यगृहाजवळून जाते. मुलगी म्हणाली, "भावे कोण होते, नगरसेवक?"

घोडबंदररोड

@वाशीचा_बाप, एका अर्थी बरोबर आहे तिचं. नगरसेवकाशिवाय नाव लागतं कुठे?

कायद्याची_काकू

मीरा, तुझ्या त्या सातवीतल्या मुलीला माझ्याकडून बाकरवडीचं अख्खं पाकीट दे. तिने धाग्याचा नेमका धागा पकडलाय.

उत्तर असं आहे: शारदा पोलिसांत गेली असती तरी पोलिसांनी तिला घरी आणून सोडलं असतं. १८९९ साली ब्रिटिश मुलखात असं लग्न रोखणारा कायदाच नव्हता. १८९१ चा संमतिवयाचा कायदा होता, पण त्याने शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा केलं. लग्नाचं वय त्यात नव्हतंच. आणि दहाचं बारा करायलासुद्धा केवढा गदारोळ झाला! टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या.

गंमत म्हणजे म्हैसूर संस्थानात १८९४ पासून कायदा होता. आठ वर्षांखालच्या मुलीचं लग्न बंद, आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदाच्या आतल्या मुलीशी लग्न करणंही बंद. भुजंगनाथाला तिकडे जरा जपूनच राहावं लागलं असतं.

मुलांना हे सांगताना रखमाबाईंची गोष्ट सांग. आपल्या मुंबईतलीच. अकराव्या वर्षी लग्न लागलं, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला, राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं. 'शारदा' लिहिलं गेलं तेव्हा हे प्रकरण घरोघरी लोकांच्या कानावर होतं. एवढं मुलांना कळलं की पाऊणशे वयमानवरचं हसू जरा वेगळं येतं.

नवा_सभासद_ऐरोली

शारदा कायदा या नाटकावरूनच आला ना? आमच्या बाईंनी शाळेत तसंच शिकवलं होतं.

कायद्याची_काकू

नाही हो. हा गोड गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो. सारडा, शारदा नव्हे. १९२९ चा, १ एप्रिल १९३० पासून लागू. मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं. मराठी माणसाने 'सारडा' ऐकलं आणि लगेच 'शारदा' केलं, यावरून ते नाटक किती मुरलं होतं ते बघा.

नवा_सभासद_ऐरोली

अरे देवा. मी हे निबंधात लिहून दहापैकी नऊ घेतले होते.

तिसरी_घंटा

परत करा.

आप्पा_नौपाडा

मी पंच्याहत्तरीचा आहे, म्हणजे नेमका पाऊणशे, तेव्हा आधीच सांगतो की माझा विवाहाचा विचार नाही.

मला हे नाटक 'वाचणं' पटत नाही. नाटक बघायचं असतं. आमच्या लहानपणी ठाण्यात रंगायतन नव्हतं. मैदानात मांडव, पुढे सतरंजी, मागे खुर्च्या. रात्री साडेनऊला सुरू झालेलं नाटक वन्समोअर घेत घेत दीड-दोनला संपायचं. आम्ही पोरं दुसऱ्या अंकात सतरंजीवर झोपायचो आणि टाळ्यांनी जागे व्हायचो. तरी पदं पाठ व्हायची. कोणी पार्श्वभूमी सांगितली नाही.

माझ्या नातवाला मी एकच गोष्ट सांगितली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ते साल १८५३. त्याच साली विष्णुदास भाव्यांची मंडळी सांगलीहून मुंबईत येऊन ग्रांट रोडच्या थिएटरात खेळ करत होती. गाडीचा दिवस (१६ एप्रिल) त्याला ठाऊक होता, नाटकाचं माहीत नव्हतं. आता स्टेशनात शिरलं की तो मला विचारतो, "आजोबा, ते लोक कसे आले असतील?" बैलगाडीने, म्हटलं. सांगलीहून, राक्षसाच्या मुखवट्यांसकट. त्याला ते मुखवटे फार आवडले.

कळवा_ब्रिज

आप्पा, तुमचं म्हणणं मान्य, पण बघायचं कुठे? 'शारदा' किंवा 'कीचकवध' लावलंय कोणी या शनिवारी? प्रयोग होत नाहीत तर वाचावंच लागेल.

दुसरं, जरा कडू बोलतो. वरची यादी बघा. भावे, किर्लोस्कर, देवल, गडकरी. मुलांना वाटेल जुनं नाटक म्हणजे पेशवाई वाड्यातलीच भाषा. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' १८५५ चं आहे. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'च्या पंचवीस वर्षं आधीचं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं, म्हणून ते त्या वेळी लोकांपर्यंत पोचलंच नाही. गर्भार कुणबिणीला ग्रहांची भीती घालून उपटणारा जोशी, मधेच पाद्री, आणि सगळ्यावर टोमणे मारत फिरणारा विदूषक. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. माझ्या भाचीला (नववी) मी हे दिलं. छोटंच आहे. तिला विदूषकच सगळ्यात आवडला. म्हणाली, "मामा, हा तर मीमवाला आहे." तिला वेगळी पार्श्वभूमी सांगावी लागली नाही, घरात ग्रहशांतीवरून वाद चालूच होता.

आप्पा_नौपाडा

कळवा ब्रिज, रास्त बोललात. मी 'तृतीय रत्न' वाचलेलं नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात उद्या जाऊन बघतो. १८९३ पासूनचं ग्रंथालय आहे, तिथे नसेल तर कुठे असेल.

मास्तर_खारेगाव

मी हायस्कूलला इतिहास शिकवतो, नाटकाचा माणूस नव्हे. पण मवाळ-जहाल शिकवताना एकदा कंटाळून खाडिलकरांचं 'कीचकवध' काढलं. १९०७ चं नाटक. वर्गात कथा सांगितली: विराटाच्या दरबारात कीचक सैरंध्रीवर म्हणजे द्रौपदीवर हात टाकतो, कंकभट म्हणजे युधिष्ठिर सबुरीचा सल्ला देतो, बल्लव म्हणजे भीम चिडतो. मग फळ्यावर लिहिलं, "१९१० साली इंग्रज सरकारने या नाटकावर बंदी घातली. का?" आणि खडू ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

दहा मिनिटं वर्ग नुसता मासळीबाजार. महाभारतातल्या गोष्टीत इंग्रजांना काय बोचलं? एक म्हणाला भीम कपडे काढून मारतो म्हणून. एक म्हणाली द्रौपदी म्हणजे भारत. तिथून मग सुटलेच. कीचक म्हणजे व्हॉइसरॉय. कोणता? फाळणीवाला, कर्झन. कंकभट म्हणजे मवाळ. भीम म्हणजे जहाल. मी शब्द बोललो नाही. शेवटी एवढंच सांगितलं की खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'त काम करत, आणि नाटकं बंद पाडायला सरकारकडे १८७६ पासूनच खास कायदा होता. त्या वर्षी मवाळ-जहालवरचा प्रश्न एकाही मुलाने ऑप्शनला टाकला नाही.

तेव्हा मीराताई, माझं मत: इतिहास कोड्यासारखा द्यावा. आधी उत्तरपत्रिका वाटू नये.

नेरुळची_मीरा

मास्तर, हे मी चोरणार आहे. आगाऊ माफी.

पनवेल_पॅसेंजर

+१ मास्तर. अवांतर: कोणी नाट्यगृहातल्या वड्याबद्दल वेगळा धागा काढेल का? मध्यंतरात रांगेत उभं राहून वडा हातात येईपर्यंत तिसऱ्या अंकाचा पडदा जातो. हा वारसाच आहे.

घोडबंदररोड

वारसा नाही, तेल तेच आहे.

दोन_मुलींची_आई

एक शंका. माझी मोठी नववीत आहे. तिने कुठेतरी 'घाशीराम कोतवाल'चं गाणं ऐकलं आणि वाचायला मागतेय. द्यावं का? १९७२ ला केवढा वाद झाला होता म्हणतात. आणि लेखक विजय तेंडुलकर तर म्हणायचे की हे ऐतिहासिक नाटक नाही. मग तिला नाना फडणवीस कसा समजावू?

कळवा_ब्रिज

माझ्या मते नववीला जरा घाई आहे, बापाने मुलीला सत्तेसाठी विकणं हा गाभाच आहे त्याचा. पण मुलगी मागतेय तर सोबत बसून वाचा. नाटकातला नाना आणि इतिहासातला नाना वेगळे, हे तिला सांगितलं की तिलाच त्यात मजा वाटेल. खरा घाशीराम १७९१ साली पुण्यात दगडांनी मारला गेला, एवढं इतिहासात आहे. पुढचं तेंडुलकरांचं.

मास्तर_खारेगाव

असहमत. नववीतली मुलं मोबाइलवर काय बघतात हे तुम्हाला माहीत असतं तर 'घाशीराम' तुम्ही बक्षीस म्हणून दिलं असतं.

व्यवस्थापक

गडकऱ्यांचं नाटक 'राजसंन्यास' आणि त्यांच्या पुतळ्यावरचे प्रतिसाद हलवले आहेत. मुलांच्या वाचनावर बोलू या. वड्याचे प्रतिसाद राहू दिले आहेत.

सीवूड्स_संध्याकाळ

लहान मुलांसाठी एक सुचवते. शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. अख्खं नाही, फक्त गाडीचा प्रवेश. चारुदत्ताच्या मुलाला शेजारच्या पोराची सोन्याची गाडी हवी असते, त्याला मिळते मातीची, म्हणून तो रडत असतो. वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. तेच दागिने पुढे खटल्यात पुरावा म्हणून उभे राहतात आणि चारुदत्ताच्या जिवावर बेततं. मी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगितली, त्याने एकच प्रश्न विचारला: "तिने नवीन गाडी का नाही घेतली?" शूद्रकालाच विचारावं लागेल.

आणि मोठ्यांनी एवढं मनावर घेऊ नये. बालनाट्यंही आहेतच की. मतकरींची चिंची चेटकीण एकदा भेटली की नाटक या प्रकाराशी वाकडं राहत नाही.

वाशीचा_बाप

चिंची चेटकिणीला आमची पोरगी इतकी घाबरली की मध्यंतरातच घरी आलो. तिकिटाचे पैसे पाण्यात. वडाही राहिला.

नेरुळची_मीरा

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतेय. दोन रविवार झाले, अहवाल देते.

आईची प्रत तिच्या बहिणीने नेली, म्हणून 'शारदा'ची दुसरी प्रत ओळखीच्यांकडून आणली. कोण्या हौशी मंडळाने तालमीला वापरलेली असावी. पानापानावर निळ्या पेन्सिलीने खुणा. एका पदाभोवती चौकट आणि शेजारी "गाळणे". कांचनभटाच्या (शारदाचा बाप) एका वाक्यापुढे "इथे प्रेक्षकांकडे पाहणे नाही". एका पानाच्या कोपऱ्यात "चहा" आणि पुढे चार नावं, दोघांच्या पुढे "बिनसाखर".

मुलांना नाटकापेक्षा त्या खुणाच आधी आवडल्या. हे कोणी लिहिलं, का गाळलं, प्रेक्षकांकडे का नाही बघायचं? टेबलाखालच्या कार्ट्याने ते वाक्य दोन्ही प्रकारे म्हणून दाखवलं. प्रेक्षकांकडे बघून म्हटलं तर कांचनभट विनोदी वाटतो, न बघता म्हटलं तर त्याची भीती वाटते. हे मला कुठल्याच स्लाइडवर सापडलं नव्हतं.

मग भूमिका वाटून वाचलं. भुजंगनाथ व्हायला सगळे तयार, शारदा व्हायला कोणी नाही. शेवटी १०९८ वाली म्हणाली, मी होते. काकू, मी तुमचं सगळं सांगितलं तिला: कायदा नव्हता, दहाचं बारा, रखमाबाई, म्हैसूर. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे लग्न मोडायला कोदंडला सगोत्राचा मुद्दा काढावा लागला, कारण वयाचा मुद्दा चाललाच नसता?"

मी हे नाटक कॉलेजात वाचलंय, त्यावर ट्युटोरियल लिहिलंय. लग्न सगोत्र म्हणून मोडतं, ही मला तेव्हा लेखकाने काढलेली पळवाट वाटली होती. भर मांडवात लोकांना ऐकावाच लागेल असा आक्षेप तेव्हा तोच होता, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

कायद्याची_काकू

हे मलाही नव्हतं सुचलं. तिला वकिली करायला सांग.

तलावपाळीवरचा

स्लाइड्सचं काय केलंत?

नेरुळची_मीरा

आहेत अजून. पोरांनी त्यातली फक्त भाव्यांची ठेवली, कारण त्यांना राक्षसाचे मुखवटे करायचेत. आप्पांचं बैलगाडीचं मी त्यांना सांगितलं. आता 'सीतास्वयंवर'सारखा खेळ पार्किंगमध्ये करायचा म्हणतात, 'तागडथोम' ओरडत. सेक्रेटरींची परवानगी काढायची आहे.

आप्पा_नौपाडा

'तृतीय रत्न' मिळालं. वाचतोय. विदूषक खरोखरच ग्यानबाची मेख आहे. तुमच्या पार्किंगच्या खेळाला मी आणि नातू येऊ, ठाणे-नेरुळ लोकलने. किती वाजता?

नेरुळची_मीरा

पाचला. सहाला गाड्या परत यायला लागतात, तोवर रावणवध आटपायला हवा.

तिसरी_घंटा

सीतास्वयंवरात रावणवध?

नेरुळची_मीरा

मुलांनी वाढवलाय.

पनवेल_पॅसेंजर

वडा आहे का?